लांब बराकीचं मागचं दार

कोर्टाच्या व्हरांड्यात माझा नवरा भिंतीला कान लावून उभा होता. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायचा, ऐकायचा, एक पाऊल पुढे सरकायचा आणि पुन्हा टकटक. बाकावर बसलेल्या बायका आपापली रडगाणी थांबवून त्याच्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "तुमच्याबरोबरचे आहेत का?"

"दुपारपर्यंत," मी म्हटलं.

त्या दिवशी आमचा घटस्फोट व्हायचा होता. परस्पर संमतीचा अर्ज आम्ही आधीच दिलेला होता आणि विचार करायला कायद्याने दिलेली मुदत संपली होती. आता न्यायाधीशांसमोर उभं राहून दोघांनी 'आमचा विचार बदललेला नाही' एवढंच म्हणायचं होतं. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला असता तरी सगळं तिथेच थांबलं असतं. पण नाही म्हणायला माणसाच्या डोक्यात तो विषय तरी असावा लागतो. सुधन्वाच्या डोक्यात भिंत होती.

भिंगोली कॅम्पातली ही लांब बराक इंग्रजांनी गोऱ्या सोजिरांसाठी बांधलेली. काळा दगड, हत्ती टेकला तरी हलणार नाहीत अशा भिंती, पुढे दगडी खांबांचा सरळ व्हरांडा आणि आत ओळीने खोल्या. इंग्रज गेले, मग आपलं लष्कर राहिलं, पुढे तेही नव्या वसाहतीत गेलं आणि बराक सरकारी खात्यांच्या हाती आली. भक्कम इमारत फुकट मिळाली की सरकारी खाती तिचं काय करतात ते बघायचं असेल तर तेव्हा तिथे यायला हवं होतं. पहिल्या खोल्यांत रेशनचं गोदाम आणि त्यावर पोसलेले उंदीर. त्यापुढे होमगार्डचं ऑफिस, ज्याचं कुलूप कुणी उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. मग निवडणुकीच्या जुन्या पेट्या, मोडक्या खुर्च्या, एका कुठल्याशा पुढाऱ्याचा अनावरण न झालेला अर्धपुतळा. मधोमध विवाह नोंदणीचं ऑफिस. आणि अगदी टोकाला, जिथे सोजिरांचा दारूचा गुत्ता होता म्हणे, तिथे कौटुंबिक न्यायालय. म्हणजे मध्यावर लग्न करायचं आणि व्हरांड्यातून नाकासमोर चालत जाऊन टोकाला ते मोडायचं. ही सोय कुणी मुद्दाम केली असती तर मी त्याला हुशार म्हटलं असतं. पण तेवढी अक्कल कुणाला नव्हती. ज्याला जी खोली रिकामी दिसली ती त्याने घेतली.

आणि या इमारतीवर जीव टाकणारा माणूस म्हणजे माझा नवरा, सुधन्वा पोतनीस. पोटापाण्यासाठी विमा कंपनीत अधिकारी, आणि खऱ्या अर्थाने भिंगोली वारसा मंडळाचा अध्यक्ष. दर रविवारी डोक्याला सोला हॅट घालून तो चार-दोन माणसांना कॅम्पात फिरवायचा. दगड दाखवायचा, कमानी दाखवायचा, गटाराची झाकणं दाखवायचा. घरात आमच्या जेवणाच्या टेबलावर गंजलेली पट्ट्याची बक्कलं, फुटक्या बाटल्यांची बुडं आणि कुठल्याशा रेजिमेंटची बटणं पसरलेली असायची. ती हलवली की तो दुखावायचा. मी आजारी पडले तर त्याला ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाशी भांडता तरी येतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी आमचं मूल पोटातच गेलं. मी दवाखान्यात होते. सुधन्वा आला, माझ्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ बसला, मग चहा घेऊन येतो म्हणून गेला. बऱ्याच वेळाने परत आला तो चेहरा उजळलेला. दवाखान्याच्या जुन्या मिशनरी इमारतीत बिडाचा गोल जिना होता आणि तो कुठल्या कारखान्यात ओतला गेला ते पायरीच्या खाली कोरलेलं त्याला सापडलं होतं. ते तो मला सांगत बसला. चहा आणायचा राहिला होता.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडणं सोडलं आणि मनातल्या मनात त्याला हसायला लागले. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर. दिवसभर अडलेल्या म्हशी सोडवायच्या, खांद्यापर्यंत हात आत घालून वासरं ओढून काढायची, आणि संध्याकाळी घरी येऊन या माणसाकडे बघायचं. पुढे त्याची चाल, त्याची हॅट, जेवताना भात कालवण्याची त्याची पद्धत, सगळ्याचंच मला हसू यायला लागलं. शेवटी हसूही येईना. मग मी अर्जाचा विषय काढला. त्याने दोन दिवस विचार केला आणि 'तुला बरं वाटत असेल तर तसं करू' म्हणाला. नंतर विचारलं, कोर्ट लांब बराकीतच आहे ना?

त्या दिवशी न्यायाधीश बाई उशिरा आल्या, आधीची दोन प्रकरणं लांबली आणि शिरस्तेदाराने आम्हाला जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं. सुधन्वाला आनंद झाला. तो मधल्या खोल्यांच्या मागच्या अंगाला भिंत ठोकत निघाला.

मी बाकावर बसले होते. तेवढ्यात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. हिरवी साडी, ती नेसायची सवय नाही हे लांबून कळावं अशी नेसलेली. कपाळावर घाम. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे ओळखपत्र आहे का?"

प्रश्न इतका विचित्र होता की मी हो म्हणून गेले. मग तिने सांगितलं. तिचं नाव उज्ज्वला ढमढेरे. विवाह नोंदणीच्या ऑफिसात तिचं लग्न होतं, तिथे तीन साक्षीदार लागतात, ठरलेल्यांपैकी एकच आला होता. दोघांनी आयत्या वेळी फोन बंद करून ठेवले होते. मुलगा मागे उभा होता, अंगावर नवा शर्ट, त्याच्या घड्या तशाच. त्याने नमस्कार करून मिलिंद खरात असं नाव सांगितलं. पुढचं सांगावं लागलं नाही. दोन आडनावं ऐकल्यावर साक्षीदारांचे फोन का बंद झाले ते मला कळलं.

घटस्फोटाला आलेल्या बाईला लग्नाची साक्षीदार करावं हा अपशकुन आहे, असं मी तिला म्हणाले असते. पण ती मुलगी थरथरत होती, आणि अडलेल्या जिवाला मी नाही म्हणू शकत नाही, ती माझी नोकरीच आहे. दुसरा साक्षीदार म्हणून मी सुधन्वाला भिंतीपासून सोडवून आणलं. कशासाठी हे मी त्याला सांगितलं. त्याने फक्त खोली कुठली ते विचारलं. मधली, असं कळल्यावर तो माझ्यापुढे चालायला लागला.

विवाह अधिकाऱ्यांचं नाव लोणकर. टेबलावर एका बाजूला भाजलेले शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला कालच्या कुणाच्या तरी लग्नाचे सुकलेले हार. त्यांनी आमची ओळखपत्रं पाहिली आणि दोन्हींवर एकच पत्ता बघून खूश झाले. नवरा-बायको जोडीने साक्षीला आले म्हणजे नवीन जोडप्याला आशीर्वादच, असं काहीतरी बोलले. आमचं खरं काम पलीकडच्या टोकाला आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी शेंगदाण्यांचा कागद पुढे ओढला आणि मान खाली घातली.

दोघांनी शपथ वाचली. उज्ज्वलाचा आवाज मध्येच गेला, तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सह्या झाल्या. मिलिंदचा मित्र, मी, मग सुधन्वा. त्याने सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं, कारण त्याची नजर मागच्या भिंतीला लावलेल्या मोठ्या लोखंडी कपाटावर होती. आता फक्त लोणकरांची सही आणि शिक्का राहिला होता. तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मिलिंदच्या मित्राने दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मामा आलेत हिचे. मी गाडी बघून येतो." तो गेला तो गेलाच. त्याला मी नंतर कधी पाहिलं नाही.

उज्ज्वलाने धावत जाऊन दाराला आतून कडी घातली. लगेच बाहेरून थापा सुरू झाल्या. चार-पाच माणसांचे आवाज असावेत. दार चांगलं होतं, इंग्रजांचं, म्हणून टिकलं. खिडक्यांना गज होते. म्हणजे कुणी आत येऊ शकत नव्हतं आणि आम्हीही बाहेर जाऊ शकत नव्हतो. लोणकरांनी पोलीस चौकीला फोन लावला. तिकडून कुणीतरी सांगितलं की गाडी बाहेर गेलीय, आली की पाठवतो. कोर्टाचा शिपाई जेवायला गेला होता. व्हरांडाभर माणसं होती, पण जेवणाच्या सुट्टीत कुणाला दुसऱ्याचं भांडण नको होतं.

फोन ठेवल्यावर लोणकरांना शहाणपण सुचलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. दाखल्याचं उद्या बघू, म्हणाले, तुम्ही बाहेर जाऊन घरच्यांशी शांतपणे बोलून घ्या, हे सरकारी कार्यालय आहे. मिलिंद त्यांना हात जोडायला लागला. हात जोडणाऱ्या माणसाकडे लोणकरांसारखी माणसं बघतही नाहीत.

मी टेबलाजवळ गेले. म्हटलं, "शिक्का मारा."

"मॅडम, तुम्हाला परिस्थिती कळत नाही."

"कळते. तुम्ही सही करा किंवा करू नका, मी खिडकीतून बाहेर ओरडून सांगणार आहे की लग्न लागलं आणि लोणकर साहेबांनी लावलं. मग मार खायचाच आहे तर काम करून खा."

त्यांनी टोपण काढलं. सही केली. शिक्का दोनदा मारला, पहिल्यांदा तो उलटा बसला होता. मिलिंदने कागद घडी करून शर्टाच्या आत ठेवला.

बाहेरचा एक आवाज आता दाराच्या अगदी जवळ आला. थापा थांबल्या होत्या. "उजे," तो म्हणाला, "बाहेर ये बाळा. कुणी काही करत नाही. आई रडतीय." इतका मऊ आवाज मी कसायाचा ऐकलाय, जनावराला धरताना. उज्ज्वला खाली बसली आणि तिने माझा पदर मुठीत धरला.

आणि त्या शांततेत सुधन्वा बोलला. "लोणकर साहेब, आता हे कपाट हलवायला तुमची हरकत नाही ना?"

लोणकर त्याच्याकडे बघत राहिले. सुधन्वाने तितक्याच सौजन्याने सांगितलं की या कपाटामागे दार आहे, ते आपण तीन वर्षं लेखी कळवतो आहोत, आणि त्या दारामागे सोजिरांच्या स्वयंपाकघराकडे जाणारा झाकलेला बोळ आहे. भिंत तिथे पोकळ वाजते. आज पलीकडूनही त्याने खात्री करून घेतली होती.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज कापत नव्हता. बाहेर पाच माणसं एका पोरीचा जीव घ्यायला उभी होती आणि हा माणूस कपाट हलवण्याची परवानगी मागत होता. इतका थंड डोक्याचा माणूस मी कधी पाहिला नव्हता. आमच्या दवाखान्यात गाय दगावायला लागली की भलेभले पुरुष गोठ्याबाहेर जाऊन उभे राहतात.

मिलिंद आणि तो, दोघांनी कपाट ढकललं. मी खालून फरशीवर लोणकरांची सतरंजी सरकवली म्हणून आवाज कमी झाला. मागे खरंच दार होतं. काळं पडलेलं सागवान, आडवा जाड अडसर आणि वर-खाली दोन खिट्ट्या, सगळं गंजाने धरलेलं. मिलिंद दोन पावलं मागे सरकला आणि त्याने लाथ मारायला पाय उचलला. त्याबरोबर सुधन्वा दारासमोर हात पसरून उभा राहिला.

"लाथ नाही," तो म्हणाला. "लाथ अजिबात नाही."

मला वाटलं, बरोबर आहे. आवाज झाला तर बाहेरचे लोक मागच्या अंगाला पळतील. हे मला सुचलं नाही, मिलिंदला सुचलं नाही, याला सुचलं. त्याने तेल मागितलं. माझ्या पिशवीत व्हॅसलीनचा डबा होता, कामाचा, तो मी दिला. त्याने खिट्टीवर फुंकर मारली, रुमालाने गंज पुसला, बोटाने व्हॅसलीन चोळलं आणि खिट्टी हळूहळू इकडून तिकडे फिरवायला सुरुवात केली. घाई नाही, चिडचिड नाही. बाहेर मामाचा मऊ आवाज संपून पुन्हा थापा सुरू झाल्या होत्या, कुणीतरी दगड घालायला लागलं होतं, लोणकर टेबलाखाली पाय घेऊन बसले होते, आणि सुधन्वा त्या खिट्टीशी अगदी खालच्या आवाजात बोलत होता. "ये," म्हणत होता. "ये, ये. घाई नाही."

मी अडलेल्या गाईशी असंच बोलते. हे त्याला कुठून आलं? अकरा वर्षं मी या माणसाबरोबर एका छताखाली राहिले आणि मला तो दिसलाच नव्हता, असं मला वाटलं. त्याचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. चांगले हात होते.

वरची खिट्टी निघाली, मग खालची. अडसर त्याने आणि मिलिंदने मिळून उचलला. दार आतल्या बाजूला उघडलं, फार आवाज न करता. वटवाघळांचा उग्र वास आला आणि लांब टोकाला उजेडाचा चौकोन दिसला. स्वयंपाकघराचं छप्पर कधीच पडलं होतं, तिथून मागच्या रस्त्याला जाता येत होतं. माझी स्कूटर त्याच बाजूला लिंबाखाली उभी होती, कारण पुढची सावली वकिलांच्या गाड्यांनी घेतलेली असायची.

मी उज्ज्वलाला उठवलं, बोळातून ओढतच नेलं आणि मिलिंदच्या हातात किल्ली दिली. जिल्ह्याच्या पोलीस साहेबांकडे आधी जा, दाखला दाखवा, म्हटलं. त्यापुढे ती दोघं कुठे जाणार ते तो मला सांगायला लागला. मी त्याला गप्प केलं. "मला सांगू नका. मला माहीत नसलेलंच बरं." स्कूटर सुरू होऊन वळणावर दिसेनाशी झाली तोवर मी तिथे उभी होते.

परत आले तेव्हा सुधन्वा दाराजवळच होता, बोळाच्या बाजूला. तो दाराची राखण करत उभा आहे असं मला वाटलं. मी त्याच्या खांद्याला हात लावून पुढे गेले, दार मागे लोटलं आणि लोणकरांना पुढचं दार उघडायला सांगितलं. मामा आत आला. जाडजूड माणूस, पांढरे कपडे, डोळे तांबारलेले. मुलगी कुठे आहे म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हटलं, सज्ञान मुलगी आहे, लग्न लागलं, ती गेली. कुठे गेली ते मला ठाऊक नाही, आणि मी तुमच्याशी खोटं बोलत नाही. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मागे त्याची पोरं लाठ्या घेऊन अवघडून उभी होती, खोलीत मारायला कुणीच उरलं नाही म्हणून. एवढ्यात शिरस्तेदार आणि दोन वकील जेवून आले, शिपाईही आला, आणि आता सगळ्यांना धीर चढला. मामा खुर्चीवर बसला, लोणकरांच्या तांब्यातलं पाणी प्यायला आणि निघून गेला. जीव घ्यायला आलेला माणूस पाणी पिऊन गेला. लोणकर लगेच सांगायला लागले की त्यांनी कुणाला भीक घातली नाही.

मी कपाटाला वळसा घालून पुन्हा बोळात गेले. कोर्ट सुरू व्हायची वेळ झाली होती. त्या चार पावलांत मी पुष्कळ काही ठरवलं. घरी जायचं. टेबलावरची बटणं तशीच राहू द्यायची. रविवारी त्याच्याबरोबर कॅम्पात फिरायला जायचं, हॅट घालून फिरणाऱ्या त्या वेंधळ्या माणसाच्या शेजारून. जो वेंधळा नव्हता.

"सुधन्वा," मी म्हटलं, "आज कोर्टात जायला नको."

तो वळला. त्याचा चेहरा उजळला होता.

"मी तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर फोटो काढून घेऊ. तारीख काय, पुढची मिळेल. हे बघ, बिजागरी बघ. आख्खी हाताने घडवलेली. आणि तो मुलगा लाथ मारायला निघाला होता."

त्याने माझा हात धरला आणि बिजागरीवर ठेवला. लोखंड गार होतं.

"ती मुलगी सुटली," मी म्हटलं.

"कोण?"

"जिच्या लग्नाला तू आत्ता सही केलीस."

"हां, हां. बरं झालं." त्याने खिशातून रुमाल काढला, बिजागरीला लावला आणि त्याची घडी घालून लांबी मोजली. "त्या लोकांनीही बाहेरच्या दारावर दगड घातले ना? काय झालंय बघायला हवं. तेही मूळचंच आहे."

मी त्याला कोपराला धरून व्हरांड्यातून नेलं. मध्यापासून टोकापर्यंत. बाहेरच्या दाराशी तो थांबायला बघत होता, मी थांबू दिलं नाही. न्यायाधीश बाईंनी आम्हाला दोघांना वेगवेगळं विचारलं, विचार बदललेला नाही ना? मी 'नाही बदलला' म्हटलं. सुधन्वाने क्षणभर मागे दाराकडे पाहिलं आणि मग तोही तेच म्हणाला. सही करण्यापूर्वी बाईंनी त्याला हात पुसायला सांगितले, सगळी बोटं गंजाने आणि व्हॅसलीनने माखली होती. लग्न लागायला जेवढा वेळ गेला त्याहून कमी वेळ आमचं मोडायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात पेपरात त्याचा लेख आला. दाराचा मोठा फोटो होता. लेखात सोजिरांच्या जेवणाच्या घंटेपासून लोखंड कुठून यायचं तिथपर्यंत सगळं होतं, दार का उघडावं लागलं तेवढं सोडून.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कोर्ट नव्या इमारतीत गेलं. बराक पाडू नये म्हणून चाललेल्या भांडणात वारसा मंडळ जिंकलं आणि ती एका ठेकेदाराला चालवायला मिळाली. आता तिथे लग्नं, डोहाळजेवणं आणि मोमोंचे महोत्सव होतात. वेटर लाल कोट आणि पितळी बटणं घालून पनीर वाढतात. सुधन्वाला तिथे रविवारचा चहा फुकट असतो आणि त्या बदल्यात तो गिऱ्हाइकांना माहिती सांगतो. तो सुखात आहे असं ऐकते. खरं असावं.

उज्ज्वला आणि मिलिंद नाशिकला स्थायिक झाले. स्कूटरच्या डिकीत माझं कार्ड होतं, त्यावरून तिने काही दिवसांनी फोन केला होता, आणि दर दिवाळीला करत राहिली. गेल्या वर्षी त्यांनी घर बांधलं. वास्तुशांतीला मला बोलावलं आणि सुधन्वालाही.

तो आला. हॅट घालूनच. उज्ज्वलाने त्याला पाटावर बसवलं, मुलींना पाया पडायला लावलं, मग स्वतः पडली तेव्हा तिला रडू आवरेना. मिलिंदने नातेवाइकांना सगळी हकिकत सांगितली. बाहेर मामा दगड घालतोय आणि काका किती शांत, खिट्टीशी बोलतायत, जणू वेळ आपली आहे. सुधन्वा मान डोलावत होता. मग त्याने मिलिंदला कौतुकाने विचारलं, "तुम्ही होतात का तिथे त्या दिवशी? मग बिजागऱ्या पाहिल्या असतील." सगळे हसले. असा मोठेपणा, कुणीतरी म्हणालं, केलेलं लक्षातही ठेवत नाहीत. मग त्याने त्यांना बिजागऱ्यांबद्दल सांगितलं आणि सगळ्यांनी ते मन लावून ऐकलं.

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात हात धुवायला गेले. उज्ज्वला तिथे एकटीच होती. ताटं रचता रचता तिने विचारलं, "मॅडम, राग येणार नसेल तर एक विचारू? असा माणूस तुम्ही का सोडला?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाहेर सुधन्वाचा आवाज येत होता आणि तिच्या दोन्ही मुली त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"पटलं नाही," मी म्हटलं.

"एवढ्यावर?"

"एवढ्यावर."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती मला फार मानते, म्हणून तिने ते चटकन लपवलं, पण मला दिसलं. ती नजर मी चांगली ओळखते. जेवताना समोर बसलेल्या माणसाकडे मी अकरा वर्षं तशी बघत होते.

"बसा ना थोडं," ती म्हणाली, आणि दिवाणखान्यात काकांना मसाला सुपारी द्यायला गेली.

मी ताटं विसळायला घेतली.